दिवाळीपर्यंतची शाळा

मृग लागला की आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माणसं आभाळाकडे बघायला लागतात आणि गुरुजी पत्र्याकडे. गळकी जागा पहिल्या पावसाआधी सापडत नाही आणि पहिल्या पावसानंतर दुरुस्तीला माणूस मिळत नाही, कारण सगळे पेरणीला. उन्हाळाभर बंद असलेल्या वर्गाला वास येतो तो खडूचा, कोंदट सतरंज्यांचा, तापलेल्या पत्र्याचा. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी घर केलेलं असतं. पोषण आहाराच्या उरलेल्या तांदळात हात घालून सोंडे झालेत का ते पाहायचं, पाण्याची टाकी घासायची, फळ्याला काळा रंग द्यायचा. रंग ओला असताना फळा जितका सुंदर दिसतो तितका नंतर वर्षभर दिसत नाही.

हे झालं खोलीचं. मग कागद. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, वेळापत्रक, हजेरीपत्रक. केंद्रशाळेतून बालभारतीच्या पुस्तकांचे गठ्ठे मोटारसायकलवर पुढे-मागे बांधून आणायचे. दाखलपात्र मुलांची यादी घेऊन घरोघर फिरायचं, जन्माचे दाखले बघायचे. जन्मतारखेचा हा काटेकोरपणा तसा अलीकडचा. आमचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं तर अर्धं गाव 1 जूनला जन्मलेलं दिसतं. आईला तारीख आठवायची नाही, गुरुजींना पोरगं पहिलीत घ्यायचं असायचं, आणि शाळा उघडायच्या हिशेबाने 1 जून सोयीचा पडायचा. त्या तारखेवर माणसं नोकरीला लागली, निवृत्त झाली, आता त्याच तारखेला पोरं त्यांना मोबाइलवर केकची चित्रं पाठवतात.

वार्षिक नियोजनाचं खरं सांगायचं तर ते बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचंच असतं, वरचं साल तेवढं बदललेलं. त्यात फसवाफसवी आहे असं मला वाटत नाही. पाठ तेच, महिने तेच. पण त्या तक्त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जूनमध्ये पटावर आलेलं मूल एप्रिलपर्यंत वर्गात बसणार आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास ठरवून दिलेत. आमच्या वाडीवरच्या निम्म्याहून अधिक पोरांच्या वाट्याला त्यातले जेमतेम 100 दिवस येतात. दिवाळी झाली की कोयते निघतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, ती लग्नात, दवाखान्यात, नाहीतर बियाण्यात जिरते, आणि मग फेडायला सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जावं लागतं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घराला कुलूप. लेकरं बरोबर. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. कळत्या पोरीने धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, वाढ्यांच्या पेंढ्या बांधायच्या.

परत आलेली पोरं जूनमध्ये वर्गात बसतात तेव्हा एकीकडे फार मोठी झालेली असतात आणि एकीकडे जिथल्या तिथे. गेल्या जूनमध्ये तिसरीतल्या एका पोराला मी सात मोळ्या आणि आठ मोळ्या किती म्हणून तोंडी विचारलं, त्याने क्षणात पंधरा सांगितलं. तेच फळ्यावर उभं मांडलं तर खडू हातात घेऊन उभा राहिला. त्याची जुनी वही मी मागून घेतली. दिवाळीच्या सुट्टीच्या अभ्यासाची दोन पानं लिहिलेली, तिसऱ्या पानावर तारीख घातलेली आणि खाली काही नाही. पुढची पानं फाडलेली होती. आजीने सांगितलं, ‘पावसात चूल पेटत नव्हती तवा लावली आसतील.’

मी तेव्हापासून नियोजन दोन करतो. एक तक्त्यातलं, तपासणीला दाखवायचं. तेही मनापासून करतो. दुसरं माझं, दिवाळीपर्यंतचं. ज्या गोष्टीवाचून पोराचं पुढे अडेल ती सगळी त्या शंभर दिवसांत कोंबायची. वाचायला येणं सर्वांत आधी. बाकी बरंचसं, खरं सांगतो, मी मागे टाकतो आणि त्याबद्दल बोलणी खातो. पहिलीसाठी शब्दपट्ट्या मे महिन्यातच कापून ठेवतो. त्यांवर पुस्तकातले शब्द असतातच, पण मोळी, कोपी, खेप, वाढं, फड हेही असतात. ‘फड’ ही पट्टी पोरं आपणहून उचलतात. दोनच अक्षरं, काना नाही की मात्रा नाही, आणि ओळखीचा शब्द कागदावर भेटल्याचा आनंद निराळाच.

पूर्वी या पोरांसाठी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालत. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं ठरलं आणि साखरशाळा बहुतेक मिटल्या. कागदावर ते योग्यच आहे. पोरं निघताना मी प्रत्येकाच्या हातात शिक्षण हमी पत्रक देतो, मूल कितवीत आहे, त्याला काय येतं ते लिहून. पण फडापासून जवळची शाळा किती जवळ, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. आणि कर्नाटकातल्या टोळीच्या पोराला शाळा सापडलीच तर ती बहुधा कानडी असते. शाळाच पोरांमागे गेल्याचंही उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडला गेल्या. तिथली वारली पोरं गुरांमागे जातात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेची ती गोष्ट डीएडला आम्ही पाच गुणांसाठी पाठ केली होती. तिच्यातली हिंमत मला पुष्कळ उशिरा, भर जानेवारीत, अर्ध्या रिकाम्या वर्गासमोर उभं राहिल्यावर उमगली.

गावात हंगामी वसतिगृह चालतं. म्हणजे पोराने राहायचं आजी-आजोबांकडे आणि दोन वेळचं जेवण वसतिगृहाचं. कोण राहणार हे ऑक्टोबरात विचारून उपयोग नसतो. तोवर बिऱ्हाडाची गाठोडी मनात बांधून झालेली असतात. म्हणून माझ्या जूनच्या तयारीत मुकादमाची भेट असते. शाळेच्या कामासाठी मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसणारा मास्तर गावाला सुरुवातीला विचित्र वाटला. पण उचल कोणी घेतली, कुठला कारखाना, टोळी कधी हलणार, हे त्याच्या वहीत असतं. मी माझी यादी काढतो, तो त्याची. तो गमतीने म्हणतो, ‘गुर्जी, तुमचा आन् माझा पट एकच हाय की.’ मला हसू येत नाही, तरी चहा पितो. माहिती हवी असते.

तिथून म्हाताऱ्यांच्या दारी. यंदा एका आजीकडे तीनदा जाऊन आलो. थोरली नात पाचवीत, धाकटा नातू दुसरीत आणि सून पुन्हा बाळंत झालेली.

‘आज्जी, दोघांनाही ठेवा. जेवणाचं वसतिगृहात होतंय.’

‘जेवणाचं न्हाई वो गुर्जी. तान्ह्याला फडात कोन बघंल? आन् वयात येती पोर, हितं माज्या एकटीच्यानं राखणं होईल का?’

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात दिलेलं नाही. मी वसतिगृहाचं सांगितलं, शाळेतल्या मॅडम गावातच राहतात ते सांगितलं. म्हातारी ऐकत शेंगा फोडत राहिली.

‘धाकट्याला ठिवते,’ शेवटी म्हणाली. ‘थोरलीचं दिवाळीला बघू.’

‘दिवाळीला बघू’ म्हणजे काय ते आम्हां दोघांनाही कळतं. अजून चार महिने आहेत, मी जात राहणार आहे. तोवर पाचवीच्या नियोजनात मी वजनं आणि दशांश अपूर्णांक पुढे ओढून जुलैत घेतलेत. कारखान्याच्या काट्यावरून आलेली पावती तिचा बाप घडी करून खिशात घालतो. त्या पावतीवर टनाच्या पुढे टिंब देऊन जे तीन आकडे असतात ते तिला वाचता आले पाहिजेत.