उलट्या आट्यांची गाडी

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्यापुढे दोन प्रस्ताव होते. मुलाचे म्हणणे, मी पुण्यातच राहून नातवाला शाळेत पोचवावे-आणावे. सौभाग्यवतीचे म्हणणे, मी सकाळ-संध्याकाळ टेकडीवर जावे आणि तिला दुपारी तरी स्वस्थ पडू द्यावे. मी तिसरेच केले. देऊळघाटला गेलो आणि गोठ्यातली प्लिमथ उघडली.

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचे आमचे गाव. पैनगंगा अजून लहान आहे, नदी म्हणवून घ्यायला लाजते, त्या मुलखातले. वडिलांचा कापसाचा व्यापार होता. एका वर्षी खामगावच्या बाजारात मनासारखा भाव मिळाला आणि त्या भरात त्यांनी 1958 साली ही गाडी जुनीच विकत घेतली. मॉडेल 1951 चे. सहा सिलिंडर, सत्त्याण्णव घोड्यांची ताकद. बॉनेटच्या टोकावर शिडाचे एक चकचकीत जहाज. समुद्र म्हणजे काय हे गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेले नव्हते, पण ‘जहाजवाली गाडी’ मात्र पोरासोरांना ठाऊक होती.

तशी ती सगळी अमेरिकन नव्हे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि क्रायस्लर कंपनीशी करार केला. भाग अमेरिकेहून पेट्यांत भरून येत आणि गाडी कुर्ल्याला जोडली जाई. शिवडीला जनरल मोटर्सचा असाच उद्योग 1928 पासून चालला होता. पुढे सरकारने सांगितले, नुसती जोडाजोड पुरे, भागही इथेच बनवा; तेव्हा 1954 च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनी मुंबईतला गाशा गुंडाळला, प्रीमियर राहिली. म्हणजे आमची ही पाहुणी रक्ताने अमेरिकेची अन् बाळंतपणाने कुर्ल्याची.

ती गोठ्यात कशी गेली, ते मला चांगले आठवते. 1971 चा मे महिना. मी नऊ वर्षांचा. आत्याचे लग्न ठरले होते आणि व्याही मंडळींना मलकापूर स्टेशनावरून आणायचे होते. गाडी चालवायला चाचा. चाचा आमच्याच गल्लीतले, तेव्हा सव्विशीचे असतील. पण पांढरा सदरा घालून चाकामागे बसले की कलेक्टरसारखे दिसत. मोताळा मागे पडले, राजूरचा घाट सुरू झाला, आणि अर्ध्या चढावर बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. थोडे थांबून वडिलांनी रेडिएटरचे झाकण काढले. आत पाण्याचा थेंब नव्हता.

“पाणी पाहिलं नाहीस?” वडील व्याह्यांच्या देखत ओरडले.

“घाटाच्या खाली दोन बादल्या घातल्या, शेठजी,” चाचा म्हणाले.

“मग ते काय मी प्यायलो?”

मंडळी हसली. चाचा पुन्हा एकदा तेच वाक्य बोलले, मग बोलले नाहीत. व्याही एस.टी.ने वर आले. गाडीच्या हेडची गॅस्केट फुटून पाणी तेलात गेले होते. तिला ओढून घरी आणावे लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे ओसरीच्या कोनाड्यात किल्ली ठेवलेली सापडली. चाचा पुढे एस.टी.त लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या दारावरून रोज जात, पण मान वळवत नसत. वडिलांनी गाडी दुरुस्तही केली नाही अन् विकलीही नाही.

आता दुरुस्तीचे. माझ्या मदतीला गावातला एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मुलगा होता. पहिले आठ दिवस आम्ही उंदरांची घरटी उपसत होतो. मागच्या सीटमध्ये एका कोंबडीने अंडीही घातलेली होती. मग चाके काढायची. उजव्या बाजूचे बोल्ट रडतखडत निघाले. डाव्या बाजूच्या बोल्टवर मी पान्याला लोखंडी पाइप लावून सगळे वजन टाकले. दोन बोल्ट मोडले. तिसऱ्याला मुलगा म्हणाला,

“काकाजी, कायले जोर लावता? हे उलट्या आट्याचं हाय.”

खरेच होते. क्रायस्लरवाल्यांनी डाव्या चाकांना मुद्दाम उलटे आटे ठेवले होते, चाक फिरता फिरता बोल्ट सैल होऊ नये म्हणून. तीच गत बॅटरीची. आपल्या मोटारींत ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडतात, इथे धन टोक. शिवाय बॅटरी सहा व्होल्टची. मी बारा व्होल्टच्या गाड्यांतल्या बारीक तारा वापरल्या, तर स्टार्टर नुसता कण्हला. जाड तारा घातल्यावर हलला. सौभाग्यवतीला फोनवर हे सांगितले, तर ती म्हणाली, “तुम्हाला शोभेशीच आहे.”

इंजिन मात्र गच्च बसलेले. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि रॉकेल ओतत तीन आठवडे वाट पाहिली. रोज संध्याकाळी पुढच्या पुलीला हात लावून पाहायचे. आई पडवीतून विचारायची, “हललं का रे?” तिला अठ्ठ्याऐंशी पूर्ण झालेली, पण प्रश्न चुकायचा नाही. बाविसाव्या दिवशी करंगळीभर हलले. आईने गूळ दिला.

मग एका दुपारी पाण्याचा पंप खोलला. या इंजिनात पंपाच्या मागे, ब्लॉकच्या पोटात, या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याची एक चपटी नळी सरकवलेली असते. तिला जागोजाग छिद्रे. रेडिएटरचे गार पाणी एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हांपाशी, अगदी शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोचवायचे, एवढेच तिचे काम. बाहेरून ती दिसत नाही आणि पाणी भरणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. आकडी घालून मी ती ओढली, तर हातात गंजाच्या खपल्या आल्या. पुढचे चारेक इंच सोडले तर नळी उरलीच नव्हती.

मी तसाच खाली बसलो. नळी कुजली की पाणी पुढच्या पुढेच फिरते आणि मागचे सिलिंडर तापत राहतात. रेडिएटर काठोकाठ भरलेला असला, तरी घाटात पाणी उकळून, वाफ होऊन बाहेर जाते. मग झाकण काढणाऱ्याला दिसतो तो रिकामा रेडिएटर. वडिलांना तोच दिसला.

आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी त्याच रात्री म्हटलं होतं, तो पोरगा खोटं बोलायचा नाही. हे म्हणाले, मला ठाऊक आहे. पण व्याह्यांसमोर बोलून गेलो, आता काय करू?” वडील 1994 साली गेले.

त्या खपल्या मी वर्तमानपत्राच्या कागदात बांधल्या. चाचांचे घर आमच्यापासून शंभर पावलांवर. ती शंभर पावले चालायला मला चार दिवस लागले. चाचा ओट्यावर बसले होते, दाढी पांढरीशुभ्र. मी पुडी उघडली आणि नळीची सगळी हकिगत सांगितली. मधेच मला वाटले, मी बँकेत अर्जदाराला नियम समजावून सांगतो तसा बोलतो आहे. चाचांनी एक खपली बोटांत धरली. तिचा चुरा झाला.

“दोन बादल्या होत्या, छोटे,” ते म्हणाले. “दुसरी भरून आणायला तुझ्या मामाला पाठवलं होतं.”

वडिलांच्या वतीने मी काय बोललो, ते इथे लिहीत नाही. नीट बोलता आले नाही.

नवी नळी बुलढाण्याच्या एका कारागिराने पितळी पत्र्याची करून दिली. हेड लेथवर सपाट करून घेतले. गॅस्केट पुतण्याने अमेरिकेहून आणली. तिकडे ती अजून मिळते. कागदपत्रांचे काम बाकी आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 साली वेगळे नियम झाले, त्यांचा अर्ज भरतो आहे. तोवर गाडी अंगणातच.

दिवाळीच्या आदल्या रविवारी इंजिन प्रथम सुरू झाले. गल्ली जमली होती. धूर निवल्यावर पाहतो, तर चाचा फाटकात उभे. सदरा पांढरा. मी चाकामागची जागा रिकामी केली आणि दार उघडून धरले. ते आले, पण आत बसले नाहीत. म्हणाले, “बंद कर.” इंजिन निवेपर्यंत ते मडगार्डला टेकून उभे राहिले. मग हातात फडके घेऊन रेडिएटरचे झाकण हळूच फिरवले, आत वाकून पाहिले, आणि ट्रॅक्टरवाल्या मुलाला म्हणाले,

“बेटा, एक बादली पाणी आण.”