मालवणच्या दर्यात एक अंजली

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दृष्टीस पडतो. 1664 साली शिवछत्रपतींनी किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन करून या जलदुर्गाचा पाया घातला. तीन वर्षांत तो पुरा झाला. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! प्रवासी हे कौतुक पाहून संतुष्ट चित्ताने परततात. माझे पाय मात्र दांडीच्या वाळूकडे वळतात. कारण तेथे एका शाळूसोबत्याने मला पोहावयास शिकविले.

तो गाबिताचा मुलगा, मी भिक्षुकाच्या घरचा. गणिताने त्यास दोन वर्षे मागे ओढले, म्हणून तो आमच्या वर्गात आला. मी पाण्याच्या कडेशी कचरत उभा राहिलो की तो हसून म्हणे, "अरे, उडी मारल्याशिवाय पेवूक कसा येतला?" पुढे मी पुस्तकांत रमलो आणि तो नौदलात गेला.

1971 च्या युद्धात तो 'खुकरी' या नौकेवर होता. 9 डिसेंबरच्या रात्री दीवपासून दूर भर समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने तिजवर पाणतीर सोडला. नौका काही मिनिटांतच बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी अखेरपर्यंत नौका सोडली नाही. त्यांच्यासह 18 अधिकारी व 176 नाविक सागरार्पण झाले. त्यांत माझा मित्र होता.

तार आल्यावर काही दिवसांनी त्याची आई आमच्या ओटीवर आली. देह हाती न लागल्यास पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करावे, असे शास्त्र आहे. माझ्या वडिलांनी तिला ते हलकेच समजावून सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "भटजीनू, माजो झील पानांचो न्हय." वडिलांनी पोथी मिटली. शास्त्रापुढे ते निरुत्तर झाल्याचे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिन मालवणास साजरा झाला. 1971 साली त्याच तारखेस कराचीवर केलेल्या विजयी हल्ल्याचे ते स्मरण! समुद्रात युद्धनौका, आकाशात विमाने, किनाऱ्यावर अलोट जनसमुदाय. माझाही ऊर अभिमानाने भरून आला. पाच दिवसांनी 9 तारीख उजाडली. दांडीच्या वाळूवर रापणीचे दोर ओढणारी माणसे तेवढी होती. विजयाची तिथी सर्वांच्या ध्यानी राहते. ज्यांच्या प्राणांचे मोल देऊन तो विजय मिळाला, त्यांची तिथी घरच्यांनी आणि मित्रांनीच पाळावयाची असते काय?

दीव येथे त्या नौकेचे स्मारक आहे. परंतु तेथला दर्या आणि येथला दर्या एकच. तर्पणात पितरांबरोबर सख्यालाही उदक देण्याची आपली रीत आहे. त्या सकाळी मी कमरेइतक्या पाण्यात उतरून त्याच्या नावे एक अंजली सोडली. आता पाण्याचे भय वाटत नाही. ती विद्या त्याचीच.