सात किलोंचा तहनामा

सेवानिवृत्तीनंतर युरोपखंडात आगगाडीने, कोणत्याही मार्गदर्शकाच्या शिट्टीमागे न धावता, एकेका गावी आठदहा दिवस मुक्काम करीत हिंडावे, असा मनसुबा आम्ही उभयतांनी बरीच वर्षे बाळगला होता. तो तडीस जाण्याची चिन्हे दिसू लागताच पत्नीने पहिली अट घातली ती अशी की, प्रत्येकी सात किलोंची एकच पिशवी, जी विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल आणि रोमपासून व्हिएन्नापर्यंतच्या कोणत्याही स्थानकाच्या जिन्यावर ज्याची त्याला उचलता येईल, तेवढ्यावरच सारा प्रवास भागवायचा. "साठी उलटल्यावर परमुलखात हमालाच्या भरवशावर राहू नये," हे तिचे म्हणणे मला तत्काळ मान्य झाले. आणि मान्यता मिळताच त्याचा अंमल माझ्या कपाटापासून सुरू झाला.

तत्पूर्वी कागदपत्रांचा बंदोबस्त करणे प्राप्त होते, व त्या खात्यात माझा अधिकार निर्विवाद होता. शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांच्या अवधीत 90 दिवसांहून अधिक वास्तव्य करता येत नाही, तेथून निघण्याच्या तारखेपुढे पारपत्राची निदान तीन महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते, आणि किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय विम्याचा दाखला अर्जासोबत जोडावा लागतो, हा सगळा तपशील मी यथास्थित टाचून ठेवला. खरी अडचण निघाली ती स्वदेशी दप्तराची. निवृत्तिवेतन घेणारा मनुष्य अद्याप हयात आहे किंवा कसे, याची विचारणा सरकार दरसाल नोव्हेंबरात करते, आणि आमच्या नोव्हेंबराचा बराचसा भाग ऑस्ट्रियात जायचा होता. संगणकावरून हयातीचा दाखला देण्याची सोय 2014 पासून झालेली असली, तरी यंत्राने ऐन वेळी आपल्याला न ओळखल्यास काय, ही शंका दप्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मनातून सहसा जात नाही. परदेशी असता वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर हजर होऊन तो दाखला घेता येतो, म्हणून निवृत्तिवेतनाच्या आदेशाची एक प्रत पिशवीत गेली. कागदाला वजन नसते, असे मी त्या वेळी म्हणालो. पत्नीने काहीच उत्तर दिले नाही.

कपड्यांची निवड आमच्या माळ्यावरील एका ट्रंकेच्या आधाराने झाली. माझे मामा 1950च्या दशकात बॅलार्ड पियरवरून बोटीने विलायतेस गेले, तेव्हाची ती पत्र्याची ट्रंक. तिच्यावर आगबोट कंपनीची 'नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज' ही चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. बोटीच्या उतारूंना जे सामान वाटेत लागणार नसे, ते अशा चिठ्ठीनिशी तळघरात रवाना होई आणि बंदरावर उतरल्यावरच हाती येई. त्या काळी माणसाला सामान असे दुभागण्याची मुभा होती. आम्हास तळघर नव्हते. तरीही पत्नीने पलंगाच्या मधोमध दोरी टाकून एक बाजू 'हवे'ची व दुसरी 'नको'ची ठरवली. माझा टेरिकॉटचा सूट, ज्याच्यावाचून परदेशगमन अशिष्ट ठरेल अशी माझी प्रामाणिक समजूत होती, तो अर्ध्या मिनिटात दोरीपलीकडे गेला.

मात्र न्याय उभयपक्षी होता, हे नमूद करणे भाग आहे. तिने आपली जरीची रेशमी साडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. काटा पाऊण किलोपाशी थांबला. एवढ्या वजनात बारीक लोकरीचे दोन अंगरखे व चार पायमोजे बसतात, असा हिशेब करून तिने ती घडी परत कपाटात ठेवली आणि ऐवजी जॉर्जेटची एक साडी घेतली, जी रात्री धुतली असता पहाटे वाळते व मुठीत मावते. जाड टॉवेलाचा प्रश्न सुटला तो आजोबांच्या काळापासून घरात असलेल्या वस्तूने. सुती पंचा पाणी चटकन शोषतो, पिळल्यावर तासाभरात सुकतो आणि जागा जवळजवळ घेतच नाही. प्रवासाचे टॉवेल म्हणून दुकानात जे कृत्रिम धाग्याचे महागडे तुकडे विकतात, त्यांच्या तोडीस तो निश्चित उतरतो. वजनदार बूट व कोट अंगावर घालूनच निघायचे, कारण काट्यावर पिशवी चढते, मनुष्य चढत नाही.

जोडप्याने जाण्यात वजनाचा खरा लाभ कोणता, हे याच सुमारास ध्यानी आले. एकट्याने जे जे न्यावे लागते, त्यातील पुष्कळ जिन्नस दोघांत एक पुरतात. दंतमंजनाची एक नळी, कात्री नसलेली एकच शिवणाची डबी, कपडे वाळवण्याची एक दोरी आणि विजेचा एक जोड; कारण तिकडे विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्टचा असला, तरी आपल्या तीन गोल पायांच्या खुंटीला तेथील दोन छिद्रांची भिंत दाद देत नाही. औषधे मात्र याच्या नेमकी उलट. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटांतच ठेवून त्यांचे दोन समान भाग केले व एकेक भाग एकेका पिशवीत घातला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव न घालता मूळ नाव लिहून घेतले, कारण परदेशातील औषधविक्रेत्यास आपल्याकडचे व्यापारी नाव कळेलच असे नाही.

फराळाच्या बाबतीत आमची गाळण उडाली. तूप तर गेलेच, कारण बाहेरील देशांतून दुग्धजन्य पदार्थ स्वतःसोबत आणण्यास युरोपीय संघाची मनाई आहे. 2006च्या ऑगस्टात द्रवस्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आल्यापासून बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात 100 मिलिलिटरहून मोठी कुपी चालत नाही, तेव्हा तेलात बुडालेल्या लोणच्याची बरणी विचारातही घेण्याजोगी नव्हती. गोड्या मसाल्याची पूड एक तर सुरक्षातपासणीत अडण्याची भीती; शिवाय आमच्या घरच्या मसाल्यात खसखस पडते, विमान दुबईमार्गे जाणारे, आणि त्या अमिरातीत खसखस हा अफूचाच गोत्रज समजून निषिद्ध मानला आहे. सुके खोबरे विमानवाल्यांच्या दप्तरी ज्वालाग्राही पदार्थांत मोडते, कारण त्यातील तेलामुळे ते आपोआप तापू शकते. हे वाचल्यावर पत्नीने चिवड्यातील खोबऱ्याचे काप देखील, तेवढ्याशा कापांनी विमान पेटणार नाही असे मी परोपरीने सांगत असता, एकेक वेचून काढले. खसखस आणि खोबरे वगळून केलेला चिवडा कसा लागतो, हे ज्याने त्याने अनुमानाने जाणावे.

दोन्ही पिशव्या काट्यावर चढल्या तेव्हा तिची माझ्याहून हलकी भरली. तफावत कशाची, याची चौकशी झाली. आणि विम्याच्या पत्रकापासून घरपट्टीच्या पावतीपर्यंत तीन तीन प्रतींचे माझे बाड बाहेर काढण्यात आले. "घरपट्टी तिकडे कोण मागणार आहे, अहो?" या प्रश्नाला माझ्यापाशी समर्पक उत्तर नव्हते. पावती घरी राहिली, बाकीच्या प्रती एकावर आल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक पुस्तक न्यावे असे ठरले. एकच, दोघांनीही न वाचलेले, आणि लांबलचक. ते मिळालेही. पण आधी कोणी वाचायचे, हा मुद्दा मुंबईच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत प्रलंबित होता.