चार पानांची प्रश्नावली

परदेशांतून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करताना परिचारिकांना नेमक्या कोणत्या इंग्रजीची गरज पडते याची चौकशी करून अहवाल सादर करावा, असे विनंतीवजा पत्र पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाकडून आले तेव्हा, महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यातच उमर घालविलेल्या आणि रुग्णालयाशी रुग्णाची नातेवाईक यापलीकडे संबंध न आलेल्या मला हे काम फार तर महिन्याभराचे वाटले. चार पानांची एक प्रश्नावली रचावी, ती वाटावी, भरून आलेल्या प्रती मोजून तालिका मांडाव्यात आणि शेवटी शिफारशींची यादी जोडून दप्तर बांधावे, हा आमच्या व्यवसायाचा रूढ शिरस्ता. आणि शिरस्त्याने चालणाऱ्या माणसाला आपण संशोधन करीत आहोत असे फार लवकर वाटू लागते.

या शिरस्त्याची वंशावळ पाहू गेल्यास तिचा एक मूळ पुरुष आपल्याच उपखंडात सापडतो. 1920 च्या दशकात बंगालमध्ये शिक्षणखात्यात असलेल्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी कशासाठी हवे असा साधा प्रश्न विचारला, आणि त्याला ते बोलण्यापेक्षा वाचण्यासाठी अधिक हवे असा निष्कर्ष काढून सोप्या वाचनमालांच्या मागे आयुष्य लावले. पुढे 1978 मध्ये जॉन मंबी यांनी गरजांचा असा काही सूक्ष्म तपशील मांडला की तो भरून देता देता शिकणाराच विसरला जावा. आणि 1987 मध्ये टॉम हचिन्सन व ॲलन वॉटर्स यांनी त्या एका 'गरज' या शब्दाचे तीन भाग करून निकड वेगळी, उणीव वेगळी आणि इच्छा वेगळी, असा विवेक शिकविला. हा विवेक मला मुखोद्गत होता. मुखोद्गत असलेल्या गोष्टीचा प्रत्यक्षात उपयोग होतोच असे नाही.

प्रश्नावल्या भरून आल्या. औषधाची माहिती देणे, वेदनेविषयी विचारणे, नातेवाइकांना धीर देणे, दूरध्वनीवर बोलणे, या प्रत्येक कलमापुढे 'अत्यंत आवश्यक' या रकान्यात इतक्या एकमताने खुणा होत्या की, मी कलम म्हणून पंचांगवाचन घातले असते तरी तेही अत्यंत आवश्यक ठरले असते. व्यवस्थापनाशी बोलले तर त्यांना हवे होते 'गोड' इंग्रजी, म्हणजे विमानातल्या परिचारिकेचे. आणि परिचारिकांशी एकेकटीने बोलले तर त्यांना हवे होते परीक्षेचे. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली, आरोग्यसेवेतील व्यवसायांसाठीची इंग्रजीची एक परीक्षा आहे. तिच्यात उमेदवाराला लटक्या रुग्णाशी पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद करून दाखवावे लागतात, आणि ती उत्तीर्ण झाल्यास परदेशातील नोकरीची दारे उघडतात. आज मस्कतहून आलेल्या रुग्णाच्या खाटेशी उभी असलेली मुलगी उद्या स्वतःच मस्कतला किंवा मँचेस्टरला परकी होऊन उभी राहण्याची स्वप्ने पाहत होती, आणि मी मात्र तिच्या खुणेतून तिच्या येथील रुग्णाची निकड शोधीत होते.

तेव्हा तालिका बाजूला ठेवून मी रात्रपाळीला जाऊन बसण्याची परवानगी मागितली.

रात्रीचीच का, तर दिवसा दुभाष्या असतो. ओमान, येमेन, इराक, टांझानिया, केनिया या देशांतून येणाऱ्या रुग्णासाठी एक स्वतंत्र कचेरी असते. ती विमानतळापासून त्याची वास्तपुस्त करते, वैद्यकीय व्हिसावर आलेल्या त्या रुग्णाची आणि सोबत आलेल्या नातेवाइकांची वर्दी चोवीस तासांच्या आत सरकारदरबारी रुजू करते, बिलाचा खुलासा त्याच्या भाषेत करून देते. पण संध्याकाळ झाली की कचेरी बंद होते, दुभाष्या घरी जातो, आणि मग जी बारा तासांची रात्र उरते ती सर्वस्वी परिचारिकेची. सोबतीला वॉर्डातले मदतनीस, मामा आणि मावशी, असतात. त्यांचा तर कोणत्याच प्रश्नावलीत उल्लेख नव्हता, आणि रुग्णाला कुशीवर वळविताना सर्वांत अधिक बोलणे त्यांचेच होते, मराठीत, आणि ते रुग्णाला कळतही असे.

त्या रात्रींत पहिली जी गोष्ट ध्यानी आली ती वेदनेची. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द! ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, चरचर, उसण, मुरडा, वांब. आणि घरची म्हातारी माणसे या प्रत्येकाचा अवयव, वेळ आणि कारण जाणतात. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदना मोजण्याची जी प्रश्नावली सिद्ध केली तिच्यात इंग्रजीतील असे 78 शब्द वीस गटांत मांडलेले आहेत. आमच्या परिचारिकेपाशी मात्र 'पेन' हा एक शब्द आणि शून्य ते दहा हे आकडे. ओमानच्या अंतर्भागातून आलेल्या एका वृद्ध गृहस्थाला तिने रात्री दोनदा विचारले, कसे वाटते; दोन्ही वेळा त्याने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटले, आणि तिने प्रामाणिकपणे नोंद केली: तक्रार नाही. पहाटे त्याच्या मुलाने सांगितले की, वडील रात्रभर खाटेचा कठडा धरून होते. त्या शब्दाने म्हाताऱ्याने ईश्वराचे आभार मानले होते, प्रकृतीचे वर्तमान दिले नव्हते. आपल्याकडेही ताप अंगात असताना 'देवाची कृपा' म्हणणारी माणसे आहेतच. तिला तेथे उणीव होती ती व्याकरणाची नव्हे, शब्दसंग्रहाचीही नव्हे. दुसऱ्या प्रश्नाची होती. कुठे, दाखवा. मघापेक्षा कमी की अधिक.

पुढे पुढे असेही दिसू लागले की, पुष्कळदा इंग्रजी या दोघांच्या मध्ये विनाकारण उभे असते. बीडकडची एक परिचारिका गोळ्यांची वाटी पुढे करून नकळत 'दवा' म्हणाली आणि ओमानी म्हाताऱ्याने हात पुढे केला; दुसऱ्या खोलीत टांझानियाच्या बाईने तोच शब्द ऐकून मान डोलावली. अरबांनी तो शब्द समुद्राच्या दोन्ही तीरांवर कधीच पोहोचविला होता, आणि ज्या इमारतीला आपण दवाखाना म्हणतो तिच्यात बसून आम्ही त्याचा इंग्रजी प्रतिशब्द शिकविण्याच्या योजना आखीत होतो. इलाज, मरीज हेही शब्द अरबीच. फारसी-अरबी शब्दांना मराठीतून हद्दपार करण्याची चळवळ ज्यांनी चालविली त्यांनी हा उपयोग गृहीत धरला नसावा.

याच्या उलट प्रकार केनियातून आलेल्या एका बाईंच्या बाबतीत घडला. त्यांचे इंग्रजी परिचारिकेच्याच काय, माझ्याही इंग्रजीपेक्षा सफाईदार होते. सकाळी सिस्टरने विचारले, 'मोशन झाले का?' बाईंनी विचार करून उत्तर दिले की हो, दोनदा, एकदा खिडकीपर्यंत आणि एकदा दारापर्यंत. कागदावर दोन आकडा पडला. बाईंचे पोट तीन दिवस साफ झालेले नव्हते हे दुसऱ्या दिवशी कळले. तसेच औषधाच्या पाकिटावरील 1-0-1. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळते. त्या बाईंनी ते पाकीट माझ्यापुढे धरून हा औषधाचा क्रमांक आहे काय असे विचारले. येथे परिचारिकेला इंग्रजी येत नव्हते असे कोण म्हणेल? तिला आमच्या घरातले इंग्रजी येत होते, आणि ते घरातले आहे हे तिला कोणी कधी सांगितले नव्हते. मलाही त्या सकाळपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या सुमारास लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तिकेत रुग्णाच्या खोलीत कुजबुजण्याचा कडक निषेध केला आहे, कारण रुग्ण ती कुजबुज ऐकण्यासाठी सारे अवधान ताणतो. परक्या भाषेच्या रुग्णापुढे मोठ्याने केलेले आमचे सारे मराठी संभाषण हे कुजबुजच असते. डॉक्टर आणि सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून उद्याच्या चहाविषयी बोलत असताना तो वृद्ध दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहत असलेला मी पाहिला आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडात 1980 मध्ये एका बेशुद्ध तरुणाच्या स्पॅनिश बोलणाऱ्या नातेवाइकांनी 'इन्टोक्सिकादो' असा शब्द वापरला. त्यांना म्हणायचे होते, काहीतरी खाण्यात आले आहे. डॉक्टरांनी त्याच्याशी नाद जुळणारा इंग्रजी शब्द ऐकला आणि अमली पदार्थाचा उपचार सुरू केला. मेंदूतील रक्तस्राव दृष्टीआड राहिला, तरुण जन्माचा पंगू झाला, आणि भरपाईची रक्कम कोट्यवधी डॉलरांत गेली. तेथे कोणालाच 'समजले नाही' असे वाटले नव्हते. सर्वांना समजले होते, हाच घात. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांत तोंडी हुकूम लिहून घेऊन परत वाचून दाखवावा असे फर्मान आहे, आणि या रुग्णालयातही ते भिंतीवर लावलेले होते. पण रात्री दोन वाजता दूरध्वनीवरून झोपाळू आवाजात आलेला हुकूम नीट ऐकू आला नाही, तर नवी परिचारिका 'हो सर' म्हणून फोन ठेवी आणि मग शेजारणीला विचारी, काय म्हणाले असतील? हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले; आणि ते सारे मराठीत चालले होते.

येथे माझी चौकशी माझ्या हातून निसटली. इंग्रजीचा अभाव शोधायला आलेल्या मला सापडला तो हुद्द्याचा धाक. आणि जी मुलगी डॉक्टरला 'पुन्हा सांगा' म्हणू शकत नाही ती रुग्णाला तरी कोणत्या तोंडाने पुन्हा विचारील? मी अहवालात तसे लिहिले. मसुदा परत आला तेव्हा त्या परिच्छेदाच्या समासात तांबड्या शाईने शेरा होता: 'इंग्रजीशी संबंध काय?' तो परिच्छेद मी काढला, हे कबूल केले पाहिजे. अहवालात सुचविलेला परिचारिकांचा इंग्रजीचा वर्ग मंजूर व्हायला हवा होता.

वर्ग मंजूर झाला. पहिल्या दिवशी मी व्याकरणाला हात न लावता फळ्यावर तीन वाक्ये लिहिली: मला नीट ऐकू आले नाही, कृपया पुन्हा सांगा, मी काय ऐकले ते वाचून दाखवते. साध्या इंग्रजीत, रुग्णालाही चालतील आणि डॉक्टरलाही. मुलींनी ती वहीत उतरून घेतली, दोन-दोनदा म्हटली, हसल्या. मग बीडकडच्या त्या परिचारिकेने हात वर केला.

'मॅडम,' ती म्हणाली, 'हेच मराठीत कसं म्हणायचं? म्हणजे, सरांना राग येणार नाही असं?'