गुप्त काय, रोग की आपण?

बुलडाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही एस.टी. स्टँडजवळच्या भिंती बघा. 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' ही जाहिरात हमखास दिसेल. या विषयातलं आपलं जाहीर शिक्षण तेवढंच! हॉस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जगातल्या सगळ्या गोष्टींवर चर्चा होतात, पण या विषयावर फक्त विनोद होतात.

गेल्या वर्षी सबमिशनच्या धामधुमीत माझा रूम पार्टनर एकदम गप्प झाला. मेसला येईना, जर्नल उघडेना. (त्याच्या परवानगीनंच, नाव न घेता हे लिहितोय.) शेवटी एका रात्री लाईट बंद केल्यावर म्हणाला, "खाली चामखिळीसारखं आलं बे. मले कॅन्सर त नसन झाला?" कुणाच्या तरी सल्ल्यानं त्यानं चुना आणि सोडा लावला होता. चामखीळ तशीच राहिली, भोवतालची कातडी मात्र भाजली.

दुसऱ्या दिवशी लेक्चर सोडून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नुसतं बघून निदान केलं. एच.आय.व्ही. आणि सिफिलिससाठी रक्त तपासलं; दोन्ही निगेटिव्ह आलं. मग शांतपणे समजावून सांगितलं, तेच इथं मांडतो.

हे कोंब एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे येतात. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. जननेंद्रियावरच्या दहापैकी सुमारे नऊ चामखिळी 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात आणि हे प्रकार सहसा कॅन्सर करत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः 16 आणि 18 जबाबदार असतात. लागण शरीरसंबंधातल्या त्वचेच्या स्पर्शातून होते. कंडोमनं धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. लागणीनंतर कोंब दिसायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून 'कुणामुळे झालं' हे ठरवत बसण्यात अर्थ नसतो.

उपचार बरेच आहेत. पोडोफायलिन किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड डॉक्टर स्वतः लावतात. इमिक्विमॉड मलम घरी लावता येतं. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजननं कोंब गोठवतात, विजेच्या कॉटरीनं जाळतात किंवा लेसरनं काढतात. गरोदरपणात पोडोफायलिन चालत नाही. उपचारानं चामखीळ जाते, विषाणू लगेच जातोच असं नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांत ती पुन्हा उगवू शकते. घाबरायचं नाही, पुन्हा जायचं. बहुतेकांच्या शरीरातली प्रतिकारशक्ती साधारण दोन वर्षांत विषाणूला आवरते. घोड्याचा केस बांधणं, रुईचा चीक लावणं किंवा हाताच्या चामखिळीचं औषध तिथं वापरणं, हे मात्र अजिबात करू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राची. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1999 पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. एच.पी.व्ही.ची एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये जगासमोर आलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लसीला 2022 मध्ये मान्यता मिळाली. ती 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांविरुद्ध आहे, आणि 9 ते 26 वयाच्या मुलींसाठीच नव्हे, मुलांसाठीही! आलेली चामखीळ तिनं बरी होत नाही. ती आधी घ्यायची असते.

माझ्या पार्टनरला चार-पाच वेळा जावं लागलं. आज तो ठणठणीत आहे. त्याला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? रोगाचा नाही, तर कुणाला सांगावं याचा.

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये लेथचा आवाज बदलला की आपण लगेच सरांना हाक मारतो. शरीराच्या बाबतीत मात्र वर्ष-वर्ष लपवतो. जिल्हा रुग्णालयांत अशा आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथं उपचार मोफत होतात आणि नाव गुप्त राहतं. गुप्त राहायचं असेल तर नाव राहू द्या, आजार नको. आणि शेजारच्या कॉटवरचा मित्र अचानक गप्प झाला, तर त्याला एकदा नक्की विचारा, "काय झालं बे?"