संगणक जागा होईपर्यंत

मैत्रिणींनो, आमच्याकडचा संगणक सुरू व्हायला किती वेळ लागायचा, ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. सकाळी बटण दाबून मी आत जायची, कुकर लावायची, भाजी फोडणीला टाकायची, कणीक भिजवायची, आणि पदराला हात पुसत बाहेर यावं, तर पडद्यावर ते ठिपक्यांचं चाक अजून गरगरतच असायचं. घड्याळ लावून बघितलं तेव्हा पुरी नऊ मिनिटं भरली.

नऊ मिनिटांचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्या-माझ्यासारखीच्या सकाळीतली नऊ मिनिटं! मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका आणि सरावाचे कागद तयार करायचे ते डबे भरून झाल्यावर आणि शाळेला निघण्याआधी, म्हणजे जेमतेम चाळीस मिनिटांत. त्यातली नऊ गेली की चिडचिड होते, आणि घरातली चिडचिड शेवटी कुणाच्या वाट्याला येते ते आपल्याला ठाऊक आहेच.

आमचा हा लॅपटॉप २०१६ साली घेतलेला. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तिथल्या माणसाने झाकणही न उघडता निकाल दिला. म्हणाला, ‘‘बाई, म्हातारा झालाय हा. नवीन घ्या. नाहीतर फॉरमॅट मारून देतो, सगळं पुसून कोरं करकरीत.’’ नव्यासाठी हप्ते बांधावे तर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर आलेलं, पैसे त्यासाठी बाजूला काढलेले. आणि सगळं पुसायचं म्हणाल, तर ते ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

कारण त्या डिस्कवर मामंजींचा आवाज आहे. २०२० च्या टाळेबंदीत माझी लेक पाच वर्षांची होती. शाळा बंद, बाहेर जाणं बंद. मामंजी रोज रात्री तिला गोष्ट सांगायचे, आणि ह्यांनी गंमत म्हणून त्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. त्रेचाळीस गोष्टी. मधेच खोकला, मधेच सासूबाईंची ‘आता झोपू द्या तिला’ अशी हाक, सगळं त्यात आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात मामंजी गेले. त्या गोष्टी दुसरीकडे कुठेच नाहीत. तेव्हा तो लॅपटॉप काखोटीला मारून मी तशीच घरी आले, आणि मनाशी म्हटलं, आधी ह्याला नऊ मिनिटं लागतात कशाला ते तर समजून घेऊ.

ते समजायला फार अवघड नाही, बरं का. बटण दाबलं की संगणक आधी स्वतःचे हातपाय तपासून बघतो: मेमरी आहे ना, कीबोर्ड आहे ना, डिस्क आहे ना. मग डिस्कवरून विंडोज उचलून मेमरीत आणतो. त्यानंतर तुम्ही परवलीचा शब्द घालता, आणि मग येते ती न बोलावलेल्या पाहुण्यांची पंगत. प्रिंटरचा मदतनीस, व्हिडिओवर बोलायचं एक ॲप, गाण्यांचं एक, लेकीने कधीतरी घातलेला खेळ, फोटो इंटरनेटवर चढवणारं काहीतरी. ह्या प्रत्येकाने आत शिरताना ‘संगणकाबरोबर मलाही उठवा’ अशी चिठ्ठी लिहून ठेवलेली असते. सगळे एकदम उठतात आणि एकाच नळावर तोंड धुवायला उभे राहतात.

तो नळ म्हणजे डिस्क. जुन्या संगणकातली हार्ड डिस्क आपल्या ग्रामोफोनची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. आत खरोखरीच तबकडी फिरते, आमच्या लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावरून सुईसारखा एक दांडा पुढे-मागे हलतो. फक्त ही सुई तबकडीला टेकत नाही, केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. इथली एक चिमूट, तिथली एक चिमूट असं वाचायचं असलं, तर दांड्याने दर वेळी हलायचं, तबकडीचा हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबायचं, मग वाचायचं. अशा विखुरलेल्या चिमटी एका सेकंदात शंभरसुद्धा वेचून होत नाहीत. आणि सुरू होताना संगणकाला लागतात त्या हजारोंनी. नऊ मिनिटं जातात ती इथे. म्हातारपणाचा संबंध थोडाच.

पण काहीही करायच्या आधी मी एक काम केलं, आणि तुम्हीही तेच आधी करा. जे गमवायचं नाही, त्याची दुसरी प्रत काढा. हे नुसतं खबरदारी म्हणून सांगत नाही. पूर्वी बऱ्यापैकी चालणारा संगणक अचानक फार हळू झाला, किंवा आतून टक-टक असा आवाज येऊ लागला, तर डिस्क अखेरच्या घटका मोजत असण्याची शक्यता असते. खराब झालेला भाग ती पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि वेळ जातो. अशा डिस्कवर साफसफाई करत बसणं म्हणजे आजारी माणसाकडून घर झाडून घेण्यासारखं.

मी बाहेरून जोडायची एक डिस्क आणली आणि गोष्टी त्यात उतरवायला घेतल्या. एकेचाळीस सुरळीत उतरल्या. बेचाळिसावीला संगणक अडला. पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली ती हलेचना, आणि शेवटी ‘वाचता येत नाही’ असा निरोप आला. दुसऱ्यांदाही तेच. मी तो बंद केला, दोन तास गार होऊ दिला, आणि पंख्याखाली ठेवून पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला, अगदी रांगत रांगत, ती उतरली. त्रेचाळिसावी लगेच आली. सासूबाई मागे खुर्चीत बसून होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. उठून देवाजवळ दिवा लावला फक्त. मी आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढली आणि ती नणंदेकडे पाठवून दिली, म्हणजे एकाच घरात सगळं नको.

आता जीव थाऱ्यावर आला, आणि पाहुण्यांकडे वळले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. छोटाच उघडला तर खाली ‘मोअर डिटेल्स’ वर टिचकी मारायची. त्यात ‘स्टार्टअप’ असा एक विभाग असतो. तिथे प्रत्येकाचं नाव, आणि सुरू होताना तो किती भार टाकतो, तेही लिहिलेलं असतं: हाय, मीडियम, लो. नको त्यावर उजवी टिचकी मारून ‘डिसेबल’ करायचं. घाबरू नका, ह्याने ते ॲप पुसलं जात नाही. हवं तेव्हा उघडता येतं, फक्त सकाळी आपणहून उठत नाही. आवाजाचं, टचपॅडचं आणि विषाणूरोधकाचं मात्र चालू राहू द्या. मराठी टंकलेखनासाठी एखादं वेगळं ॲप वापरत असाल तर तेही. नाहीतर शाळेची प्रश्नपत्रिका उघडाल आणि ‘क’ दाबल्यावर इंग्रजी अक्षर येईल! मी चौदातले नऊ बंद केले.

आणखी एक सापडलं. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला एक विषाणूरोधक, मुदत केव्हाच संपलेली, पण आत ठाण मांडून बसलेला. तो पूर्ण काढून टाकला. विंडोजचा स्वतःचा पहारेकरी असतोच, दुसरा गेला की तो आपोआप कामाला लागतो. दाराशी दोन-दोन पहारेकरी ठेवून चोर दुप्पट पकडले जात नाहीत.

एवढ्यावर नऊची साडेपाच मिनिटं झाली, पैसाही न खर्चता.

ह्याच सुमारास घरी येणारा जाणारा प्रत्येक जण सल्ला देऊ लागला. ‘फोटो कमी कर, हलका होईल,’ असं सांगणाऱ्या तर पुष्कळ. फोटो नुसते पडून असतात, ते सुरू होताना कुणी वाचत नाही. डिस्क काठोकाठ भरली असेल तरच जागा करण्याचा उपयोग. आमची अर्धी रिकामी होती, तेव्हा लग्नाचा अल्बम शाबूत राहिला. दुसरी एक टूम म्हणजे सेटिंगमध्ये शिरून ‘प्रोसेसरची संख्या’ वाढवायची. विंडोज मुळातच असतील तेवढे सगळे वापरतं, त्या खिडकीतला आकडा बदलून काहीएक होत नाही. आणि ‘एका टिचकीत संगणक वाऱ्यासारखा’ अशी जाहिरात करणारी ॲपं तर कृपा करून घालू नका. तो आणखी एक पाहुणा.

शेजारच्या काकूंच्या टेबलावरच्या संगणकाचा आजार वेगळाच निघाला. त्यांचा रोज सकाळी तारीख विसरायचा आणि ‘एफ वन दाबा’ म्हणून अडून बसायचा. तारीख चुकलेली म्हणून बँकेची साइटही उघडत नसे. आतला नाण्याएवढा सेल संपला होता, सीआर २०३२ नावाचा. घड्याळाच्या दुकानात मिळतो. संगणक बंद करून, वायर काढून तो बदलला, तारीख एकदा नीट लावली, आणि काकूंचं दुखणं गेलं.

खरा फरक पडला तो डिस्क बदलल्याने. एसएसडी नावाची जी नवी डिस्क मिळते, तिच्यात तबकडी नाही, सुई नाही, फिरणारं काहीच नाही, सगळी साठवण चिपवर. त्यामुळे त्या विखुरलेल्या चिमटी ती सेकंदाला हजारोंनी वेचते. आमची जुनी डिस्क अडीच इंची होती, तशाच आकाराची एसएसडी तिच्या जागी चपखल बसते. २५६ जीबीची घेतली. मोठी घ्यायची गरज नव्हती, कारण फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर ठेवता येतात. खर्च नव्या लॅपटॉपच्या पासंगालाही पुरणार नाही, एवढा. ह्या वेळी दुसरं दुकान गाठलं. तिथल्या मुलाला आधीच सांगितलं, माझ्यासमोर करायचं आणि जुनी डिस्क मला परत द्यायची. त्याने विंडोज नव्याने घातलं. जुन्याची हुबेहूब नक्कल उतरवता येते, पण मूळ डिस्कच आजारी असली तर नक्कल करण्यात अर्थ नाही, असं तो म्हणाला, आणि मला ते पटलं. मेमरी ४ जीबीची ८ करावी का, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘काकू, सुरू व्हायला त्याने फारसा फरक नाही. चार खिडक्या एकदम उघडल्यावर कळेल.’’ मग ती पुढच्या खेपेला.

घरी आणून बटण दाबलं. पंचवीस सेकंदांत परवलीचा शब्द मागितला, आणि मिनिटाच्या आत मी टंकायला बसले. सवयीने कणकेचं पातेलं हातात घेतलं होतं, ते तसंच ठेवलं.

एसएसडी घातल्यावर एक करू नका. जुन्या डिस्कला ‘डीफ्रॅग’ करतात, म्हणजे विखुरलेलं एका जागी आणतात. इथे त्याची गरजच नाही, उगाच झीज. आणि एक बारीक गोष्ट. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असली तर तुम्ही ‘शट डाउन’ केलं तरी संगणक पूर्ण झोपत नाही. आपली काही माहिती डिस्कवर लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. हार्ड डिस्कवाल्यांना तिचा चांगला उपयोग होतो. पण काही बिघडल्यासारखं वाटलं, तर बंद करून चालू करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’ करा. खरी पूर्ण झोप त्यातच होते.

एक अडचण मात्र राहिलीच आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. सुरक्षेची अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळण्याची सोय नोंदणी करणाऱ्यांना दिली गेली, तेवढीच. विंडोज ११ ला नव्या धाटणीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, आमच्या २०१६ च्या लॅपटॉपला ते जमण्यासारखं नाही. यंत्र धडधाकट, आणि तरी बाद! ह्यांचं म्हणणं, तेव्हा नवीन घेऊ. माझं म्हणणं, लिनक्स मिंट घालून बघू. ते फुकट आहे, मराठी टंकता येतं, प्रश्नपत्रिका लिहिण्यापुरतं लिबर ऑफिसही त्यात असतं. शिवाय आतलं काही न पुसता, नुसतं पेन ड्राइव्हवरून सुरू करून चाखून बघता येतं. बँकेचे व्यवहार तोवर मी फोनवर नेले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादी दुपार काढून बसणार आहे, लेकीने आपला जुना पेन ड्राइव्ह त्यासाठी रिकामा करून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलासुद्धा आहे.