धूर आणि द्राक्ष

धुरकट माल्ट व्हिस्की रेड वाइनच्या पिंपात मुरवावी की नाही, हा जाणकारांतला जुना वाद आहे. शुद्धतावाद्यांच्या मते ही निव्वळ रंगरंगोटी. मुळातले न्यून झाकण्यासाठी केलेली. साहित्याच्या वर्गात ‘प्रभाव’ या संज्ञेभोवती हाच संशय वर्षानुवर्षे घुटमळताना पाहिल्यामुळे असेल, पण हा वाद मला परका वाटत नाही.

उदाहरण म्हणून ‘लाँगरो रेड’ घेऊ. स्कॉटलंडच्या किंटायर द्वीपकल्पावर कॅम्पबेलटाउन हे गाव आहे. तिथे १८२८ साली सुरू झालेली स्प्रिंगबँक डिस्टिलरी १९७३ पासून ‘लाँगरो’ नावाची व्हिस्की गाळते. त्यासाठी मोड आलेली ओलसर बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ आणि झुडपे. त्याचा जेमतेम एक मिलिमीटर थर साचायला वर्ष लागते. धुरातली फिनॉल वर्गातली संयुगे दाण्याला धरतात आणि आंबवणे, गाळणे या दोन्हींतून तगून राहतात. भट्टीतून निघालेली दारू पाण्यासारखी रंगहीन असते. पण धूर तिच्यात आधीच असतो. वाइन भेटते ती नंतर, आणि तीही थेट नव्हे. रिकाम्या झालेल्या पिंपाच्या ओकमध्ये मुरलेली. ‘लाँगरो रेड’साठी कधी काबर्ने सोव्हिन्यों, कधी शिराझ, कधी पिनो न्वार, कधी माल्बेकची पिंपे वापरली गेली.

या क्रियेला इंग्रजीत ‘फिनिश’ म्हणतात. मला आयुर्वेदातली ‘भावना देणे’ ही संज्ञा अधिक नेमकी वाटते. चूर्ण वनस्पतीच्या रसात पुन्हा पुन्हा खलून वाळवायचे. द्रव्य तेच राहते, गुण पालटतो.

धुरकट व्हिस्की मी बरीच वर्षे टाळली. वडिलांच्या अखेरच्या तीन आठवड्यांत रुग्णालयाच्या ज्या वासाने माझे कपडे भरून जात, तोच वास तिला येई. हा मनाचा खेळ असावा, अशी माझी समजूत होती. पुढे कळले, की फिनॉलचेच जुने नाव कार्बॉलिक आम्ल. ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमा निर्जंतुक करण्यासाठी वापरले ते हेच. म्हणजे नाकाने खोटे सांगितले नव्हते.

परदेशी असलेल्या मावसभावाने आणलेल्या बाटलीतून ‘लाँगरो रेड’ प्रथम चाखली तेव्हा आधी पिकल्या करवंदांसारखा गडद आंबटगोडपणा जाणवला. मग जिभेवर किंचित तुरटपणा, आणि त्यामागून तोच धूर. वाइनने तो झाकला नव्हता. इतकेच, की आता त्या वासाशेजारी दुसरेही काही होते, आणि म्हणून पेला खाली ठेवावासा वाटला नाही. वडिलांविषयी त्या रात्री आम्ही दोघे पुष्कळ बोललो.

शुद्धतावाद्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. मूळ मद्य दुबळे असेल तर पिंप त्याला गिळून टाकते. उरते ती ओकाची आणि द्राक्षाची गोडी. पण तो दोष प्रभावाचा नव्हे, घेणाऱ्याच्या दुबळेपणाचा. काबर्ने असो वा माल्बेक, लाँगरोचा धूर ओळखता येतो. वर्गात कोणी ‘यात मूळचे किती आणि बाहेरचे किती?’ असे विचारले, तर मी आता टक्केवारी शोधत नाही. बाहेरचे आल्यावर मूळचे अधिक स्पष्ट ऐकू येते का, एवढेच विचारतो.